कुणाच्याच नसलेल्या तीन पट्ट्या

"धरा घट्ट," सिस्टर म्हणाल्या, आणि मी त्या सात महिन्यांच्या मुलीचा पाय दोन्ही हातांनी धरला.

दोन्ही हातांवर टोचून झालं होतं. शीर लागत नव्हती. पोरगी मुळात किरकोळ अंगाची, त्यात जतहून मिरजेपर्यंत एसटीने उन्हातून आलेली. रडून रडून आता नुसतं तोंड उघडं राहत होतं, आवाज फुटत नव्हता. तिसऱ्यांदा सुई गेली तेव्हा कुठे थेंब थेंब रक्त आलं. जांभळ्या बुचाच्या नळीत, अगदी तळाला, पाव चमचा जमलं आणि थांबलं. नळी पाच मिलीची होती.

"आणखी लागेल?" सिस्टरांनी मला विचारलं.

लागणार होतं. पण टेबलापलीकडे तिची आई, शालन, पदराचं टोक दातांत धरून उभी होती.

"म्याडम, आता बास करा," ती म्हणाली. "एवढ्याशा जिवात रगत हाय कुठं? माझं घ्या किती बी. तिला परत टोचू नगा."

मी पाय सोडला. "नाही टोचणार," मी म्हणाले. "एवढ्यात भागवते."

आयुष्यात मी बरीच वचनं दिली आणि बरीच विसरले. हे एक मात्र तंतोतंत पाळलं.

ही सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मिरजेत डॉ. हेर्लेकरांची खाजगी प्रयोगशाळा होती आणि मी तिथे तीन वर्षं काम करत होते. मूल कुणाचं, असा वाद कोर्टात गेला की कोर्ट तिघांचं रक्त आमच्याकडे पाठवायचं. चारुलता कुलगुडे, एम.एस्सी., असं माझ्या टेबलावर पाटीवर लिहिलेलं होतं आणि ती पाटी मी रोज सकाळी स्वतः पुसायचे.

"नाव काय लिहू मुलीचं?" नळीवर चिठ्ठी लावताना मी विचारलं.

"नाव न्हाई ठेवलं अजून."

"सात महिने झाले की."

"आत्या आली न्हाई," शालन म्हणाली. "कानात नाव आत्यानं सांगायचं असतंय. आता नणंदच म्हणती की ही आमच्या भावाची न्हवं, तर ती कशाला येईल? आमी बाळी म्हणतो."

दाराशी तिचा भाऊ सिद्राम उभा होता. उंच, सावळा, कमी बोलणारा. माहेरी तिला त्यानेच ठेवून घेतलं होतं. तो म्हणाला, "नाव ठेवायला वेळ लागत न्हाई म्याडम. कागद आला की आत्या आपल्या पायानं येती का न्हाई बगा."

मी चिठ्ठीवर 'बाळी' लिहिलं.

हकिगत साधी होती. शालनचा नवरा हणमंत बोअरच्या गाडीवर कामाला. सहा-सहा महिने कर्नाटकात, आंध्रात. दिवाळीला आठ दिवस घरी येऊन गेला आणि साडेआठ महिन्यांनी मुलगी झाली. सासूने बोटं मोजली, नणंदेने पुन्हा मोजली, आणि दोघींच्या मते पंधरा दिवस कमी पडत होते. शालन ओली बाळंतीण असतानाच माहेरी आली. हणमंतने सोडचिठ्ठीचा दावा लावला. तेव्हा रक्त तपासा, असं कोर्टात उभं राहून म्हणाली ती शालनच.

"जज्जसायबाला मीच सांगितलं," सुटलेला अंबाडा बांधत ती मला म्हणाली. "माणसं खोटं बोलत्यात. मशीन कशाला बोलंल? तिला काय माझी सासू चहा पाजती?"

मी हसले. मला ती आवडली होती. हे सांगायला नको, पण सांगते.

हणमंतला दुपारी बोलावलं होतं, दोघांची गाठ पडू नये म्हणून. पण एसटी चुकली म्हणून शालन आणि सिद्राम अजून व्हरांड्यातच होते. हणमंत लांब, पाण्याच्या टाकीपाशी थांबला. नखांत ग्रीस, शर्टाला इस्त्री. मी त्याला बोलवायला गेले तर तो मुलीकडे बघत होता. ती शालनच्या खांद्यावर झोपली होती.

"नाक आमच्या आईगत हाय," तो हळूच म्हणाला.

रक्त देऊन झाल्यावर दंडावरचा कापूस दाबून धरत त्याने विचारलं, "म्याडम, ह्यात चूक हुती का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग एक सांगतो. माझी हाय म्हणून निघालं, तर दोघींस्नी मी कोर्टाच्या दारातनंच घरी घेऊन जाणार. आई काय म्हणती, भन काय म्हणती, ते मी बघून घीन."

"आणि नाही निघालं तर?"

तो कापसाकडे बघत राहिला. "तर काय बोलायचं," म्हणाला, आणि उठला.

आमचं काम कसं चालायचं ते डॉ. हेर्लेकर प्रत्येक नव्या माणसाला अडकित्त्यावर समजवायचे. परदेशात बारा वर्षं राहून आलेला माणूस, पण सुपारी सुटली नव्हती. मलाही पहिल्याच दिवशी त्यांनी हा पाठ दिला होता. अडकित्त्याने खांडक पाडायचं, ते मला द्यायचं, मग बिजागरीचा खिळा उपसून दोन पाती माझ्या हातात ठेवायची.

"फोड आता सुपारी."

"कशी फोडणार सर? खिळाच नाही."

"तेच सांगतोय. डीएनए कापणारं जे एन्झाइम आहे, ती ही पाती. धार आहे, नेमकी जागा ओळखतं, तिथे जाऊन बसतंसुद्धा. पण कापत नाही. त्याला मॅग्नेशियमचे कण लागतात. ते कण पाण्याच्या एका रेणूला हाताशी धरतात आणि डीएनएच्या कण्यावर नेमक्या सांध्यावर सोडतात. मग सांधा सुटतो. मॅग्नेशियम नाही, तर ते एन्झाइम नुसतं बसून राहतं, ग्रामपंचायतीच्या मेंबरासारखं."

असे कापलेले तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायचे आणि फिल्मवर त्यांच्या आडव्या पट्ट्या उमटवायच्या. मुलाची प्रत्येक पट्टी आईकडे तरी सापडली पाहिजे, नाहीतर बापाकडे तरी. तिसरीकडून ती येत नाही. सगळी विद्या एवढीच.

बाळीचं रक्त एवढंसंच होतं, त्यामुळे डीएनएही एवढासाच निघाला. नळीच्या तळाला दिसेल न दिसेल असा पांढरा ठिपका. तो अल्कोहोलने दोनदा धुवायचा असतो. दर वेळी धुताना थोडा वाहून जातो. मी एकदा धुतला. दुसऱ्यांदा नळी हातात घेतली आणि मनात आलं, हा गेला तर त्या पोरीला परत बोलवावं लागेल, परत तो पाय धरावा लागेल. मी नळी खाली ठेवली. एकदा धुतलं ते पुष्कळ झालं, असं स्वतःशी म्हणाले.

मग तिघांचे नमुने कापायला लावले. नीट कापले गेलेत का, हे बघायला आधी एक छोटा जेल करतात, म्हणजे जेलीच्या थरातून थोडा डीएनए सरकवून बघतात. तो केला. वहीत तिघांच्या नावांपुढे 'पूर्ण' असं लिहिलं.

फिल्म तयार झाली तेव्हा डॉक्टर आणि मी खिडकीशी उभं राहून ती उजेडात धरली. मुलीच्या सतरा पट्ट्या. नऊ शालनशी जुळल्या. उरलेल्या आठांपैकी पाच हणमंतशी. तीन राहिल्या.

डॉक्टरांनी पुन्हा मोजल्या. "ह्या तीन कुणाच्याच नाहीत, चारू."

"हो सर."

"एखादी असती तर मी सोडून दिली असती. तीन म्हणजे बाप नाही." मग ते जरा घुटमळले. "पण पाच जुळतायत, ह्या जरा जास्तच आहेत. कापणी पूर्ण झाली होती ना? जेल बघितला होतास?"

"हो सर. पूर्ण."

"मग झालं तर. लिही रिपोर्ट." आणि फिल्म माझ्या हातात देत म्हणाले, "ह्या वेळी सही तू कर. किती दिवस माझ्या सहीमागे लपणार?"

ती माझी पहिली सही. संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं. आईने विचारलं कशाचा रिपोर्ट, तर म्हणाले, कोर्टाचा. तिला फार मोठं काहीतरी वाटलं. मलाही वाटलं होतं.

पाच आठवडे गेले. सांगलीहून एका डॉक्टरांनी तान्ह्या मुलाचं रक्त पाठवलं. मोठ्या नळीत तळाला चार थेंब. हेर्लेकर ती नळी बघून उखडले.

"ह्यांना किती वेळा सांगायचं? लहान मुलाचं रक्त लहान नळीत घ्या म्हणून." ते माझ्या टेबलाशी आले. "चारू, ह्याला तीनदा धू आणि मॅग्नेशियम दुप्पट घाल. का ते सांग बरं?"

मला सांगता आलं नाही.

"अगं, जांभळ्या बुचाच्या नळीत पावडर असते ना, ती रक्तातलं कॅल्शियम पकडते म्हणून रक्त गोठत नाही. पाच मिलीला पुरेल एवढी पावडर, आणि रक्त चार थेंब. मग उरलेली पावडर काय करते? डीएनएबरोबर पुढे येते आणि आपलं मॅग्नेशियम धरून बसते. निम्मे अडकित्ते बिनखिळ्याचे. डीएनए मुळीच कापला नाही तर निदान कळतं. अर्धवट कापला की पंचाईत. दोन तुकडे जोडलेलेच राहतात आणि त्यांची पट्टी भलत्याच जागी उमटते. मग शोधत बसा ती कुणाची ते."

ते निघून गेले. मी खुर्चीत बसून राहिले. बाळीची नळीही पाच मिलीचीच होती.

आता त्या छोट्या जेलबद्दल खरं सांगते. तो ठीक नव्हता. आईच्या आणि बापाच्या रांगेत डीएनए वरपासून खालपर्यंत सारखा पसरला होता. बाळीच्या रांगेत तो वर, अर्धवट कापल्यासारखा, जरा दाट राहिला होता. मला ते दिसलं होतं. डीएनए कमी आहे म्हणून तसं दिसत असेल, असं म्हणून मी 'पूर्ण' लिहिलं होतं, कारण 'अपूर्ण' लिहिलं असतं तर परत रक्त मागवावं लागलं असतं, आणि मी तर शब्द दिला होता. माझ्या दयेला मी फार जपत होते.

फ्रिजमध्ये बाळीचा थोडा डीएनए उरला होता. तो मी तीनदा धुतला, मॅग्नेशियम दुप्पट घातलं आणि कुणाला न सांगता पहिल्यापासून सगळं केलं. बारा दिवसांनी फिल्म निघाली. चौदा पट्ट्या. नऊ आईच्या. पाच हणमंतच्या. बाकी काही नाही.

त्या तीन पट्ट्या गेल्या होत्या. त्या माझ्यामुळे आल्या होत्या आणि मी नीट काम केल्याबरोबर गेल्या.

फिल्म मी खाकी पाकिटात घातली, पाकीट ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली ठेवलं. सोमवारी सरांना सांगायचं ठरवलं. सोमवारी सर कुणा वकिलांना घेऊन आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आमची चारुलता. पुढच्या महिन्यापासून कोर्टात साक्षीला हीच उभी राहणार. हिच्या हातून चूक होत नाही." मी हसून नमस्कार केला. मंगळवारी सरांना ताप होता. बुधवारी मला वेळ नव्हता. मी अशी रोज कारणं शोधत होते आणि रोज एक तरी सापडत होतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला शालन आली.

बाळी कडेवर, सिद्राम मागे. रिपोर्टची प्रत तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. डॉक्टर आत होते, पण ती सरळ माझ्याकडे आली.

"म्याडम, सही तुमची हाय न्हवं?"

"हो."

"मग तुमास्नीच विचारते. मी दुसऱ्या पुरुषाचं तोंड बघितलेलं न्हाई. येल्लम्माची आण. आणि तुमचं मशीन म्हणतंय, ही त्यांची न्हवं. दोन्ही खरं हाय. मग मी लई इचार केला." तिने खुर्ची जवळ ओढली. "सरकारी दवाखान्यात त्या दिवशी तिघी बाळंत झाल्या. नर्स एक. पोरी दोन झाल्या. बदली झाली आसंल का वो?"

मला काही समजेना. "काय बदली?"

"लेकरं. माझी दुसरीकडं गेली आसंल आणि ही माझ्याकडं आली आसंल."

ती हे बोलत होती आणि बाळी तिच्या गळ्यातली काळी पोत तोंडात घालत होती. शालनने पोत काढून घेतली. रागाने नाही, पण एरवी आई जशी काढून घेते तशीही नाही. परक्याच्या मुलाच्या हातातून आपण वस्तू काढून घेतो, तशी हळूच काढली.

सिद्राम म्हणाला, "मीच म्हणालो तिला. गावात लोक काय बी बोलत्यात. मी म्हणालो, माझी भन तशी न्हाई, दवाखान्यात घोळ झालाय. दोन मह्यनं झालं, मी दारोदार ह्येच सांगतोय. तेवढं एक तुमी सांगा म्याडम. तसं झालं आसंल ना?"

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. हात खाली घालून पाकीट काढायचं, टेबलावर ठेवायचं. हणमंतला कोर्टाच्या दारातून दोघींना घेऊन जाता आलं असतं. दाव्याचा निकाल अजून लागायचा होता.

मी शालनच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती मुलीकडे बघत नव्हती. मुलीकडे बघायचं टाळत होती. ते मला बघवेना. आणि माझा जीव असा, की मला बघवत नसलं की मी काहीतरी चांगलं करायला जाते.

"नाही शालन," मी म्हणाले. "असं मनात आणू नका. ही तुमचीच मुलगी आहे. तुमच्या नऊ पट्ट्या तिच्यात आहेत. बदली वगैरे काही झालेली नाही."

"माझीच?"

"तुमचीच. शंभर टक्के."

तिने बाळीला एकदम छातीशी धरलं आणि डोळे मिटले. मला बरं वाटलं. अगदी क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करते.

मग सिद्राम म्हणाला, "म्हंजे बदली न्हाई."

"नाही."

"पोरगी हिचीच."

"हो."

"आणि त्येची न्हवं."

तो माझ्याकडे बघत उभा होता. आता तरी बोल, असं माझं मन मला सांगत होतं.

"रिपोर्टमध्ये आहे तेच," मी म्हणाले.

सिद्रामने मान हलवली. दोनदा हलवली. दारातली चप्पल पायात घातली आणि बहिणीकडे न बघता पायऱ्या उतरून गेला.

शालन तशीच बसली होती. मग ती म्हणाली, "त्येला तेवढा एकच आधार हुता, म्याडम."

आतून सरांनी हाक मारली, "चारू, कोण आलंय?"

"कुणी नाही सर," मी म्हणाले. "रिपोर्टबद्दल विचारायला आलेत."

पावसाळ्याच्या आधीच दाव्याचा निकाल लागला. हणमंतने मार्गशीर्षात दुसरं लग्न केलं. हे मला सरांनी आणलेल्या त्याच वकिलांकडून कळलं, चहा पिता पिता. मी चहा संपवला. साक्षीला मी त्या वर्षात चारदा उभी राहिले. नमुने तीन-तीनदा धुवायचे. माझ्या हातून पुन्हा कधी चूक झाली नाही, पण त्याचा त्या मायलेकींना काय उपयोग?

पुढच्या एप्रिलात मला एका कॉलेजात लेक्चररची नोकरी लागली. ड्रॉवर रिकामा करताना पाकीट हाताला लागलं. आता बोलले तरी माझं काही जाणार नव्हतं. तेव्हा कुठे मी जतची एसटी धरली. हे मुद्दाम सांगते, नाहीतर माझ्या जाण्याला तुम्ही भलताच मान द्याल.

सिद्राम अंगणात म्हशीला पाणी दाखवत होता. मी कोण ते त्याने ओळखलं. बसा म्हणाला नाही.

"हितं न्हाई ती. कवठ्याच्या पुढं बेदाण्याची शेडं हायती, तिथं आसंल."

"तुमच्याकडे राहत नाही?"

"म्या काय तिला हाकललं न्हाई," तो म्हणाला. "फकस्त बोलायचं सोडलं."

शेड सापडायला दुपार झाली. हिरव्या जाळीखाली रॅकवर द्राक्षं वाळत होती, गंधकाच्या धुरीचा वास नाकात जात होता. सात-आठ बायका ताडपत्रीवर बसून बेदाणे निवडत होत्या. शालन त्यांत होती. शेजारी पावणेदोन वर्षांची पोरगी दोन्ही मुठी भरून बेदाणे खात होती. नाक तेच, हणमंतच्या आईसारखं.

शालनला जाळीबाहेर बोलावून मी सगळं सांगितलं. चाचणी चुकली होती, रक्त कमी होतं, नळी मोठी होती, परत केली तेव्हा बरोबर आली. मुलगी हणमंतचीच. फिल्म दाखवली, माझ्या सहीचं पत्र दाखवलं. कोर्टात येऊन सांगेन म्हणाले. शालन फिल्म उजेडाला धरून बघत होती, जसं काही तिला त्यातलं वाचता येणार होतं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"हो."

"त्यांचं लगीन झालं की आता. त्या बाईचा काय दोष? तिला दिवस गेल्यात म्हणं." फिल्म तिने खाली केली. पत्र मात्र चार घड्या घालून चोळीत ठेवलं. "ह्ये ठेवते. हिला शाळंत घालताना बापाचं नाव लिवायला लागतंय. आणि आमच्या सिद्रामाला दाखवीन."

मग तिने विचारलं. मला ठाऊक होतं की ती हेच विचारणार, वाटेत एसटीत मी ह्याच प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं. खरं उत्तर.

"मी आले हुते तुमच्याकडं, सिद्रामाला घेऊन. तवा तुमास्नी ठावं हुतं का वो हे?"

"नाही," मी म्हणाले. "नंतर कळलं."

तिने सुस्कारा सोडला. चेहरा सैल झाला. "मग तुमचा काय दोष, आक्का? मशीनच चुकलं तर माणूस काय करंल? एवढ्या उन्हात आलासा तरी. दुसरं कोण आलं आसतं?" आणि मला हाताला धरून जाळीच्या आत घेऊन गेली.

बायकांना तिने काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. एका म्हातारीने हात जोडले, एकीने तांब्याभर पाणी दिलं. मग शालन म्हणाली, "आक्का, एक काम करा. हिचं नाव राहिलंय. आत्या काय आता येत न्हाई. शाळंत काय बाळी लिवायचं? बाप कोण ते तुमीच सांगितलंत, आता नाव बी तुमीच सांगा कानात."

"मी कशी? मी कोण तिची?"

"कोण न्हाई म्हणून काय झालं? बसा हितं. रेणुका म्हणा. येल्लम्माचं नाव."

म्हातारीने पोरीला माझ्या मांडीवर बसवलं. नवं माणूस बघून ती रडली नाही. मुठीतला एक चिकट बेदाणा तिने माझ्या ओठांना लावला. बायका माझ्या पाठीमागे गोळा झाल्या. आत्या कानात नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, तो त्यांचा मान.

मी तिच्या कानाशी वाकले. दोन्ही हातांचा आडोसा केला. आणि नाव सांगायच्या आधी तिला सगळं सांगितलं. पाकीट ड्रॉवरमध्ये होतं, बाळी. तुझी आई समोर बसली होती. मला ठाऊक होतं. त्या दिवशीही ठाऊक होतं आणि आत्ता तुझ्या आईशी परत खोटं बोलले.

कानाला वारा लागला तशी ती खिदळली.

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं 'रेणुका' म्हणाले आणि पाठीत धपाटे बसले. कष्टाच्या हातांचे, चांगले सणसणीत. बायका हसत होत्या. मी रडायला लागले तशी शालन म्हणाली, "आगं हळू मारा की, शहरातली हाय ती."

रेणुका आता अठ्ठावीसच्या आसपास असेल. तेव्हा तिच्या कानात मी काय बोलले ते तिला आठवणं शक्य नाही. त्याच भरवशावर मी बोलले होते.